चांद्याच्या वतीनं

आलापल्लीच्या बाजारात लटारू शिंप्याची मशीन ज्या ओसरीत होती, तिथं सावली मोठी झकास पडायची. त्यामुळं बाजाराच्या दिवशी त्याच्याकडं गिऱ्हाइकं कमी आणि टेकायला येणारेच जास्त. जंगलखात्याच्या गार्डांचे खाकी कपडे, कास्तकारांच्या बंड्या, लग्नसराईत एखादं पोलकं, एवढं त्याचं शिवणकाम. माणूस सरळ होता, पण 'नाही' हा शब्द काही त्याच्या तोंडातून निघायचा नाही. कोणी काही करशील का म्हटलं की हा मान डोलावून मोकळा, आणि मग घरी बायकोची बोलणी खायला तयार. बायकोचं नाव कमळा. काजं-बटणं तिच्याकडं होती, आणि नवऱ्याला ताळ्यावर ठेवणंही तिच्याकडंच.

जन्म त्याचा चांद्याचा, म्हणजे जिल्ह्याच्या गावचा, परकोटाच्या जटपुरा दरवाज्याच्या आतला. पण तो चालायला लागायच्या आधीच बाप गार्डांचे कपडे शिवायला म्हणून आलापल्लीला आला आणि इथलाच होऊन गेला. चांद्याला आता लटारूचं घर नव्हतं, दार नव्हतं, भाऊबंदही कोणी उरले नव्हते. तरी कोणी विचारलं की तो ऐटीत सांगायचा, "आपण चांद्याचे." यात कोणाचं काही जात नव्हतं, म्हणून कोणी हटकत नसे.

छप्पन साल सरता सरता चांद्याहून गुणवंतराव वकिलांचा निरोप आला. हे गुणवंतराव तिथल्या लोककला समितीचे चिटणीस. मोठे हौशी गृहस्थ, पदरमोड करून नाटकं बसवणारे. राज्य नुकतंच बदललं होतं, साहेब लोक आता नागपूरऐवजी मुंबईहून यायचे होते, आणि सव्वीस जानेवारीला त्यांना जिल्ह्यातला आदिवासी नाच दाखवायचा होता. नाचणार होत्या चांद्याच्या शाळेतल्या पोरी. त्यांच्यासाठी हिरव्या कापडाच्या पानांचे घागरे हवे होते. जंगलातला पोशाख जंगलातल्या शिंप्यालाच नीट जमेल, असं वकीलसाहेबांना वाटलं.

आता लटारूनं उभ्या जन्मात पानं नेसलेलं माणूस पाहिलं नव्हतं. रानातल्या बाया दर बाजाराला त्याच्याच ओसरीत बसायच्या, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली लुगडी, गळ्यात मण्यांच्या माळा. पण काम आलं होतं. त्यानं कापड फाडलं आणि पानं कातरायला बसला.

त्या बाजाराला सोमारी आली. सोमारी रानातल्या कुसुमटोल्याची, चारोळी विकून मीठ घेऊन जाणारी. बाई बोलायला कमी आणि गायला पक्की. रेला म्हणजे बायांनी एकमेकींच्या कमरेला हात घालून, गोल फिरत गायचा नाच. त्याची पहिली ओळ कुसुमटोल्यात कायम सोमारीची. ती सावलीला बसली, मिठाची पुरचुंडी मांडीवर ठेवली आणि ते हिरवं प्रकरण बराच वेळ बघत राहिली.

"लटारूभाऊ, हे काय करून राह्यले तुमी?"

"घागरे हायेत. चांद्याले तुमचा नाच हाये ना."

"आमचा? आमी तं कुठी नाई जाऊन राह्यलो."

"तुमी नाई वो बाई. शाळेच्या पोरी नाचनार हायेत."

सोमारीनं एक पान बोटांत धरलं, उलटंपालटं करून पाहिलं. "पानावर तं आमी जेवतो," ती म्हणाली. बस, एवढंच. हसली नाही, रागावलीही नाही. उठून बाजारात निघून गेली. मशीनवर लटारूचा पाय तिथंच थांबला.

घागरे त्यानं वेळेवर पोचवले. नाच बघायला म्हणून स्वतःही चांद्याला गेला. पोरींनी मन लावून नाच केला, त्यांचा काय दोष? ज्यानं शिकवलं त्यानं त्यांना उड्या मारायला आणि तोंडावर हात मारून ओरडायला शिकवलं होतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लटारू बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी उभा होता, आणि हातची शिलाई इतकी बरी उतरलेली असून त्याला तिची लाज वाटली. शिंप्याला असं सहसा होत नाही. कार्यक्रम सुटल्यावर तो तडक गुणवंतरावांपुढं जाऊन उभा राहिला.

"वकीलसाहेब, पुढच्या सालाले खरे नाचनारे आनू का जी?"

गुणवंतराव खूश झाले. ही गोष्ट आपल्याला आधी सुचली नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं, तसं ते बोललेही. मग म्हणाले, "पण ते येतील का? कोणाचं ऐकतात ते?"

"मी आनतो," लटारू म्हणाला.

घरी आल्यावर कमळाबाईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तुमाले कोनी सांगितलं होतं? समितीत हाये का तुमी? वकील हाये का? उगीच आपलं पुढं पुढं." लटारू सुईत दोरा ओवत राहिला. बोलणी खायची त्याला सवय होती.

पुढचं सगळं वर्ष सवड मिळेल तसा तो कुसुमटोल्याला जात राहिला. वाट पायी, रानातली. गेलं की इसरूच्या अंगणात बसायचं. इसरू गावाचा भूमया, म्हणजे देवाची पूजा त्याच्या हातची आणि गावकीत शेवटचा शब्द त्याचा. दिसायला वाळकं लाकूड, पण ढोल गळ्यात घातला की कोणाला ऐकत नसे. लटारूनं चांद्याची गोष्ट काढली तेव्हा त्यानं आधी तंबाखू चोळली, आणि मग एकच विचारलं.

"बोलावते कोन?"

"चांदा बोलावते."

"चांद्याचं कोन?"

लटारूला समिती हा शब्द समजावून सांगता येईना. तो म्हणाला, "सारं गाव बोलावते ना बापा."

"मंग ठीक हाये," इसरू म्हणाला. "गाव बोलावते तं गाव जाईन."

कुसुमटोल्याच्या बाजूला रीत अशी होती. एका गावची माणसं दुसऱ्या गावी नाचायला गेली की आधी नुसतं उभं राहायचं आणि पाहुण्यांतल्या पहिल्या गाणारीनं गोंडीत सवाल गायचा : आम्ही दूरच्या रानातून आलो, हे अंगण कोणाचं, आत येऊ का? मग त्या गावच्या माणसांनी गाऊनच जबाब द्यायचा : अंगण आमचं, पाणी भरून ठेवलंय, पाय धुवा आणि या. जबाब आला की फेर धरायचा. नाही आला, तर ढोल उतरवायचे आणि पाणीही न पिता परत फिरायचं. अशा गावाशी मग ये-जा तुटायची. तसं क्वचितच व्हायचं, पण झालं होतं, आणि त्या गावांची नावं म्हातारी माणसं अजून सांगत.

लटारूनं हा सवाल-जबाब कुसुमटोल्यात कितीदा तरी ऐकला. चाल त्याच्या डोक्यात बसली. मशीन चालवताना तो सवाल-जबाब दोन्ही शब्दांसकट म्हणायचा, आणि सूर असा घसरायचा की ओसरीतली गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघायची. कमळाबाई काजं करता करता म्हणायची, "मशीनले तेल टाका म्हनलं होतं मी. ते तुमी गळ्यात ओतलं वाटते." पण रोज ऐकून ऐकून तिच्या सुईलाही तोच ताल लागला होता. ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

गावातल्या बायांना तयार केलं ते सोमारीनं. दोघीतिघींना चांद्याची भीती वाटत होती, तिथं आपल्याला हसतील म्हणून. सोमारीनं त्यांना सांगितलं, "लटारूभाऊनं शबद देल्ला हाये. आपन पाव्हने म्हनून जाऊन राह्यलो." आणि लटारूनं खरोखरच शब्द दिला होता. नेसण बदलणार नाही, नाच बदलणार नाही, मान राखला जाईल, असं सगळं तो इसरूच्या अंगणात बोलून बसला होता. चांद्यात ज्याला प्यायला पाणी कोणी विचारलं नसतं, त्यानं सगळ्या चांद्याच्या वतीनं.

अठ्ठावन सालच्या जानेवारीत सागवानाचे ओंडके घेऊन जाणारा एक ट्रक चांद्याला निघाला होता. ड्रायव्हर लटारूच्या ओळखीचा. ओंडक्यांवर पोती टाकून बाया बसल्या, ढोलवाले बसले, आणि लटारू पुढं न बसता त्यांच्यातच बसला. थंडीनं दात वाजत होते. सोमारी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली होती. तिनं सगळी वाट एका हातानं ओंडके बांधलेली साखळी आणि दुसऱ्या हातानं गळ्यातल्या माळा धरून ठेवल्या.

चांद्याला गुणवंतरावांनी चांगली व्यवस्था केली होती. शाळेची एक खोली, गरम भात-वरण, अंगावर घ्यायला सतरंज्या. माणूस स्वतः वाढायला उभा राहिला. जेवणं झाल्यावर मात्र त्यांनी एक पेटी उघडून दाखवली. आत गेल्या वर्षीचे पानांचे घागरे, घडी घालून ठेवलेले.

"लुगड्यांवरूनच घाला म्हणावं. लांबून उठून दिसतात."

लटारूनं गळ्यातली टेप काढली, एक घागरा उचलला, कमरेपाशी मोजल्यासारखं केलं आणि मान हलवली. "नाई जी. हे पोरींच्या मापाचे हायेत. या बायांले होत नाई."

"थोडे उसवून?"

"उसवले तं फाटतेत जी."

जन्मात पहिल्यांदा त्यानं कोणाला तरी 'नाही' म्हटलं, आणि तेही आपल्याच शिलाईच्या जिवावर. गुणवंतरावांनी पेटी मिटली. मंच लहान पडेल, फेर मैदानातच धरायचा, हेही त्यांनी मान्य केलं. लटारूच्या मनावरचं ओझं उतरलं. सगळं जमलं असं त्याला वाटलं.

सव्वीस तारखेला सकाळी मैदान माणसांनी भरलं. खुर्च्यांवर साहेब मंडळी, मागं दोरीपलीकडं सगळं चांदा. शाळेची कवायत झाली, लेझीम झाली. मग लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं, आणि कुसुमटोल्याच्या बाया मैदानाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. मागं इसरू आणि ढोलवाले. लोक माना उंचावून बघत होते.

सोमारीनं एकवार सगळीकडं पाहिलं आणि सवाल गायला घेतला. काय तो आवाज. लाउडस्पीकर नव्हता पुढं, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. सवाल संपला. बाया थांबल्या. ढोलवाल्यांनी काठ्या उचलून धरल्या आणि तेही थांबले.

चांद्यानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या. बाया तशाच उभ्या. खुर्च्यांवर थोडी चुळबुळ झाली. लाउडस्पीकरवाला म्हणाला, "कलाकारांनी सुरुवात करावी." कोणीतरी मागून शीळ घातली. गुणवंतराव लगबगीनं लटारूजवळ आले आणि हळूच म्हणाले, "विसरल्या का हो? म्हणावं, घाबरू नका, नाचा."

तेव्हा कुठं लटारूच्या डोक्यात उजेड पडला. सवालाचा जबाब द्यायचा असतो, हे त्यानं चांद्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. घागऱ्यांचं पाहिलं, मंचाचं पाहिलं, ट्रकचं पाहिलं, आणि मुळातली गोष्टच राहिली. कुसुमटोल्याच्या माणसांनाही ती सांगावीशी वाटली नव्हती, कारण पाहुणा दारात आल्यावर काय करायचं हे माहीत नसलेलं गाव असतं, असं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते जबाबाची वाट बघत होते. एवढं मोठं गाव, एवढी माणसं, आणि कोणी तोंड उघडत नव्हतं.

इसरूनं काठी खाली घेतली. ढोलाचा पट्टा तो गळ्यातून काढायला लागला. बायांमधली एक जण सोमारीच्या कानाशी काही बोलली. सोमारीनं मान वळवली आणि दोरीपाशी उभ्या असलेल्या लटारूकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. शब्द दिला होता ना तुम्ही, असं काही त्या नजरेत असेल तर असेल; लटारूला तरी तसंच दिसलं, आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

तो दोरीखालून वाकून आत गेला. टेप अजून गळ्यात लटकत होती. मैदानाच्या मधे जाऊन, साहेबांकडं पाठ करून, डोळे मिटून त्यानं जबाब गायला सुरुवात केली. आवाज आधीच घोगरा, त्यात थंडी. अर्धे शब्द गोंडीतले, उरलेले आठवेनात म्हणून मराठीतले. अंगण आमचं, पाणी भरून ठेवलंय, पाय धुवा आणि या. पहिल्या ओळीला मागची माणसं हसली. दुसऱ्या ओळीला खुर्च्याही हसल्या. कोणीतरी ओरडलं, "शिंपीबुवा, सूर उसवला." लटारूनं सगळा जबाब शेवटपर्यंत गायला.

कुसुमटोल्याची माणसं हसली नाहीत. जबाब कसा गायला हे ती बघत नसत. आला की नाही, एवढंच बघत. इसरूनं पट्टा पुन्हा गळ्यात घातला. सोमारीनं शेजारणीच्या कमरेला हात घातला आणि फेर सुरू झाला.

आणि मग त्या नाचल्या. तोंडं आत, पाठी बाहेर, सगळ्या मिळून एक पाऊल पुढं आणि एक मागं. साहेबांना पाठीच दिसत होत्या, म्हणून थोड्या वेळानं एक साहेब खुर्चीवरून उठले आणि दोरीपाशी जाऊन बाकीच्यांसारखे पाय उंचावून बघू लागले. हसणारे केव्हाच गप्प झाले होते. लटारू त्या फेराच्या बाहेर टेप धरून उभा होता.

कार्यक्रम नावाजला गेला. गुणवंतरावांनी सगळ्यांना हार घातले. "सुरुवातीला जरा गोंधळ झाला, पण पुढं बहार आणलीत," म्हणाले. लटारूनं त्यांना गोंधळ कसला ते समजावून सांगितलं, तेव्हा ते सगळ्यांना ट्रकपर्यंत पोचवायला स्वतः आले.

परतीच्या वाटेवर ट्रक रिकामा होता, हिसके फार बसत होते. सोमारी म्हणाली, "लटारूभाऊ, चांदा लय लहान गाव हाये."

"काऊन बाई? केवढं मोठं गाव हाये ते. परकोट नाई पाह्यला का तुमी?"

"जबाब तं एकाच मानसानं देल्ला."

इसरू समोर बसला होता. तो म्हणाला, "देल्ला ना एकानं तरी. आता चांद्यानं आमच्या इथी यायचं. मोहाचे फुलं वेचून झाले का यायचं." रीत तशीच होती. एखाद्या गावी पाहुणे होऊन आलं की त्या गावाला आपल्याकडं पाहुणचाराला बोलवायचं, आणि बोलावलेल्या गावानं यायचं. आलं नाही, तर दिलेला जबाब खोटा.

लटारूला पुढचे महिने त्याच एका गोष्टीनं छळलं. चांद्याच्या नावानं आपण गायलो, आता चांदा आणायचं कुठून? तो दोनदा गुणवंतरावांकडं जाऊन आला. त्यांनी येतो म्हटलं, समितीच्या लोकांना आणतो म्हटलं, आणि ते खरंच आले असते. पण दिवस आला तेव्हा उन्हाळा पेटला होता, कोणाच्या कोर्टाच्या तारखा होत्या, कोणाकडं लग्न होतं. वकीलसाहेबांनी एका माणसाबरोबर बत्ताशांची पिशवी पाठवली आणि माफी मागितली.

लटारू ओसरीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसला. "जाऊच नये आता," तो म्हणाला. "काय तोंड दाखवू?"

कमळाबाईनं हातातली बंडी खाली ठेवली. वर्षभर ती या प्रकरणाच्या नावानं बोटं मोडत होती, त्यामुळं लटारूनं आता पाठ पुढं केली. पण ती म्हणाली, "शबद देताना तोंड होतं, आता काऊन नाई? उठा. मी येतो संगं."

"तू?"

"मी काय चांद्याची सून नाई का?"

ऊन कलल्यावर दोघं कुसुमटोल्याला पोचली. गावाच्या वेशीवर सगळं गाव उभं होतं. अंगण सारवलेलं, पाण्याचे घडे भरलेले, ढोलवाले ओळीनं. चांद्याच्या एवढ्या लोकांना पाणी पुरावं म्हणून जास्तीचे घडे शेजारच्या गावाहून आणले होते. सोमारीनं दोघांच्या मागं, रस्त्याकडं पाहिलं.

"अजून कोन येऊन राह्यलं?"

"एवढंच," लटारू म्हणाला.

आता पाहुणं गाव चांदा होतं, तेव्हा सवाल चांद्यानं गायचा होता. लटारूनं घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. परत खाकरला. तो जमिनीकडं बघत उभा राहिला.

तेवढ्यात शेजारून सवाल सुरू झाला. आम्ही दूरच्या गावाहून आलो, हे अंगण कोणाचं, आत येऊ का? कमळाबाई पदर डोक्यावर घेऊन, समोर बघत गात होती. एक शब्द चुकत नव्हता. सूर तर असा पक्का की लटारू तिच्याकडं बघतच राहिला.

सवाल संपायच्या आत सगळ्या कुसुमटोल्यानं जबाब उचलला. म्हातारे, बाया, घड्यांपाशी उभ्या असलेल्या पोरी, सगळे. ढोल वाजायला लागले. सोमारी पुढं आली, दोघांच्या पायांवर तिनं पाणी घातलं आणि मग कमळाबाईच्या कमरेला हात घालून तिला फेरात ओढलं. जाता जाता ती लटारूला म्हणाली, "मोठं होऊन राह्यलं भाऊ, गाव तुमचं."